रक्त बोलतं, पण विचारावं नीट

खसखस ही आपल्या स्वयंपाकघरातली किती गरीब वस्तू! दिवाळीत अनारसे थापायचे ते खसखशीवर, बाळंतिणीच्या लाडवांत ती भाजून घालायची, आणि कुणाला झोप लागेना की थोरल्या बायका खसखस वाटून दुधातून द्यायला सांगणार. पण हीच पुडी पिशवीत घेऊन कुणी दुबईला उतरली तर ती अडचणीत येते. तिथे खसखशीला बंदी आहे. कारण खसखस म्हणजे अफूच्याच झाडाचं बी.

आपल्या देशात मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौरकडे, तसंच राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफूची शेती होते. हिरव्या बोंडाला चिरा पाडून चीक काढतात ती अफू, आणि बोंड वाळल्यावर आतून निघते ती खसखस. बियांत नशा नसते. पण चिकाचा पुसटसा अंश त्यांना बाहेरून चिकटून राहतो, आणि त्या चिकात मॉर्फिन असतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा अंशाने काय होणार? माणसाला काही होत नाही, पण तपासणीत तो अंश उमटू शकतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात २०१० साली एका बाईने बाळंतपणाला जाण्याआधी खसखस लावलेला गोल पाव खाल्ला होता. इस्पितळातल्या तपासणीत तिच्या लघवीत अफूवर्गातलं द्रव्य आढळलं, आणि तीन दिवसांचं तान्हं बाळ सरकारी माणसं घरी येऊन घेऊन गेली. पाच दिवसांनी ते परत आईच्या मांडीवर आलं. पुढे खटला होऊन २०१३ साली तिला जवळजवळ दीड लाख डॉलरची भरपाई मिळाली. पण ओली बाळंतीण पाच दिवस लेकराविना राहिली त्याचा हिशेब कसा मांडायचा?

अमेरिकन सरकारला हा घोटाळा आधीच ठाऊक होता. १९९८ साली त्यांनी नोकरदारांच्या लघवी-तपासणीतली अफूवर्गाची मर्यादा एका मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून २००० नॅनोग्रॅमवर नेली होती, ती खसखशीसारख्या कारणांनी निर्दोष माणसं अडकू नयेत म्हणूनच. नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग! पण ही मर्यादा नोकरीच्या तपासणीपुरती होती. इस्पितळं आपापली मर्यादा ठरवत.

हे वाचून तुम्हांला वाटेल, अमेरिकेतल्या गोष्टींशी आपलं काय देणंघेणं? मलाही तसंच वाटलं असतं. पण सहा-सात वर्षांपूर्वी आमच्या वन्संच्या घरी जे घडलं, त्याने हा विषय माझ्या उंबऱ्याच्या आत आला.

वन्संचा थोरला मुलगा बोटीवरच्या नोकरीसाठी निवडला गेला होता. कागदपत्रं झाली, बॅग भरायची तेवढी राहिली, आणि वैद्यकीय तपासणीचा निरोप आला: "अफूवर्ग – पॉझिटिव्ह." पोरगा पांढराफटक पडला. वन्सं तर काही बोलल्याच नाहीत. त्यांनी मुकाट्याने त्याचं कपाट उपसलं. शर्टांचे वास घेतले, खिसे उलटे केले, वह्यांची पानं झटकली. भाऊजींनी त्याच्या मित्रांची नावं एका कागदावर लिहून काढली. आणि पोरगा तिसऱ्या दिवसापासून सगळ्यांबरोबर ताटावर बसेना. "मामी," मला म्हणाला, "आई माझ्याकडे बघते ना, तेव्हा माझे डोळे तपासते."

मी त्याला एवढंच विचारलं, की मागच्या आठवड्यात पोटात काय काय गेलं ते आठव. तेव्हा खोकल्याची बाटली निघाली. महिनाभराचा खोकला म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध होतं, आणि त्यात कोडीन होतं. चिठ्ठी कालनिर्णयच्या मागे खोचलेली सापडली. ती घेऊन भाऊजी तपासणीच्या ठिकाणी गेले आणि पक्की तपासणी करा म्हणाले. त्याच दिवशी घेतलेलं रक्त आणि लघवी दोन्ही राखून ठेवलेलं होतं, ते मोठ्या प्रयोगशाळेत गेलं. नऊ दिवस लागले. उत्तर आलं: कोडीन आहे, त्याच्यापासून शरीरात तयार होणारं थोडं मॉर्फिन आहे, हेरॉइनची काहीही खूण नाही.

मुलगा बोटीवर गेला. नोकरी वाचली. पण ते नऊ दिवस त्या घरात अजून आहेत. वन्सं कपाटाला हात लावताना अजून त्याला विचारतात, आणि तो "उघड ना" म्हणतो, पण हसत नाही.

माझी एक मैत्रीण कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. मी मराठी घेऊन बी. ए. झालेली, अर्धवेळ शाळेत व्याकरण शिकवणारी. तिच्यापाशी बसून मी विचारलं, की पहिली तपासणी आणि दुसरी तपासणी यांत असा फरक कसा पडतो? तिने जे सांगितलं ते माझ्या भाषेत सांगते.

पहिली तपासणी असते ती पट्टीची किंवा तसल्याच झटपट पद्धतीची. ती स्वस्त असते, काही मिनिटांत होते. ती द्रव्याचा आकार ओळखते. पण कशी? लग्नघरात पाठीमागून तीच साडी आणि तोच अंबाडा दिसला म्हणून आपण "अगं माई!" अशी हाक मारतो, आणि वळून बघते ती भलतीच बाई! तसंच हे. मॉर्फिन, कोडीन, हेरॉइनपासून होणारी द्रव्यं, सगळ्यांची पाठमोरी चण एकसारखी. पट्टी हाक मारते, "इथे त्यांच्यापैकी कुणीतरी आहे!" तिचं काम तेवढंच. ती चोर दाखवत नाही, संशयितांची रांग दाखवते.

दुसऱ्या तपासणीचं यंत्र म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर. नाव जड आहे, पण हा रेणूंचं वजन करणारा तराजू. ह्याचं मूळ इंग्लंडमधल्या केंब्रिजचं. जे. जे. थॉमसन यांनी विजेने भारलेले कण चुंबकाने वळवून पाहिले, आणि त्यांचे शिष्य फ्रान्सिस अ‍ॅस्टन यांनी १९१९ साली त्यावरून कणांची वजनं नेमकी मोजणारं यंत्र बनवलं. १९२२ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. हलका कण जास्त वळतो, जड कण कमी. भरधाव सायकल चटकन वळते आणि लादलेला ट्रक वळत नाही, तसं.

रक्ताचं काम मात्र नाजूक. आधी त्यातली प्रथिनं बाजूला काढतात. मग उरलेला द्रव एका बारीक नळीतून सोडतात. त्या नळीत भरलेली पूड काही द्रव्यांना धरून ठेवते, काहींना लवकर सोडते. त्यामुळे सगळी द्रव्यं घोळक्याने न येता एकामागून एक बाहेर पडतात. मग त्यांचे विजेने भारलेले सूक्ष्म तुषार करून यंत्रात सोडतात. ह्या तुषारांच्या युक्तीबद्दल जॉन फेन यांना २००२ च्या नोबेलचा वाटा मिळाला.

आता वजन. मॉर्फिन २८५, कोडीन २९९, कोकेन ३०३, हेरॉइन ३६९. पण एवढ्यावर भागत नाही. हायड्रोमॉर्फोन नावाचं एक वेदनाशामक आहे, त्याचंही वजन २८५च! मग यंत्र त्या रेणूला फोडतं आणि तुकड्यांचं पुन्हा वजन करतं. वालपापडीची शेंग कशी आपल्या शिरेवरच उकलते, तसा प्रत्येक रेणू आपापल्या ठराविक जागी फुटतो. म्हणजे तीन साक्षी झाल्या: नळीतून तो किती वेळाने बाहेर आला, त्याचं वजन किती, आणि त्याचे तुकडे कोणते. तिन्ही जुळल्या तरच नाव लिहायचं.

आणखी एक युक्ती मला फार आवडली. रक्त धुताना-गाळताना थोडं द्रव्य वाया जाणारच. ते किती गेलं हे कसं कळायचं? म्हणून सुरुवातीलाच त्यात मॉर्फिनचं एक "जड जुळं भावंड" मोजून टाकतात. अगदी तेच मॉर्फिन, फक्त काही हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन बसवलेलं, त्यामुळे वजनाने तीनने जास्त. जेवढं एक वाया जाईल तेवढंच दुसरं. शेवटी जुळं किती उरलं ते पाहिलं की मूळचं किती होतं ते कळतं. दळणाला दिलेल्या गव्हाचं पीठ किती परत यायला हवं, हे जिला ठाऊक असतं तिला हा हिशेब समजावून सांगायला नको.

पण मग लघवी असताना रक्त कशाला? लघवी सांगते की गेल्या काही दिवसांत काय पोटात गेलं. रक्त सांगतं की ह्या घटकेला, ह्या काही तासांत काय चालू आहे. म्हणून अपघातानंतर, बेशुद्ध माणूस आला तर, गाडी चालवणाऱ्यावर संशय असेल तर रक्त घेतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये मार्च २०१५ पासून वाहनचालकांसाठी रक्तातल्या मर्यादा कायद्याने ठरवल्या आहेत. एक लिटर रक्तात कोकेन १० मायक्रोग्रॅम, मॉर्फिन ८० मायक्रोग्रॅम. मॉर्फिनची मर्यादा मोठी ठेवली आहे, कारण ते दुखण्यावरचं औषधही आहे. डॉक्टरांनी दिलेलं औषध नीट घेऊन, हातपाय शुद्धीत असताना गाडी चालवणाऱ्याला कायदा बचावाची संधी देतो.

रक्ताला घाईही असते. हेरॉइन रक्तात गेल्यावर काही मिनिटांत त्याचं रूप पालटतं. आधी मोनोअ‍ॅसिटिलमॉर्फिन नावाचं मधलं द्रव्य होतं, मग मॉर्फिन. हे मधलं द्रव्य सापडलं तर ते हेरॉइनचंच. खसखशीतून किंवा खोकल्याच्या औषधातून ते येत नाही. पण तेही लवकर नाहीसं होतं. कोकेनचं तर आणखी विचित्र: ते नळीत काढून ठेवलेल्या रक्तातही मोडत राहतं. म्हणून ज्यात सोडियम फ्लोराइड असतं त्या करड्या बुचाच्या नळीत रक्त घेतात. ओळखीची वाटली ना नळी? आपली साखर तपासायला रक्त घेतात तीच ही.

आणि हो, हेरॉइनची गंमत म्हणा की शोकांतिका म्हणा, १८९८ साली जर्मनीतल्या बायर कंपनीने ते बाजारात आणलं ते खोकल्याचं औषध म्हणून! औषध आणि विष यांची वाट एकाच बोंडातून निघते.

यंत्र इतकं हुशार, मग चूक होणारच नाही? इथे मला अमेरिकेतल्याच आणखी एका आईबद्दल सांगायला हवं. हे प्रकरण नशेचं नाही, विषाचं आहे. पण रक्तातून नाव काढायची रीत तीच.

१९८९ च्या जुलैत मिसुरी राज्यातल्या एका बाईने आपलं तीन महिन्यांचं बाळ इस्पितळात नेलं. ते ओकत होतं, त्याला श्वास घेता येत नव्हता. प्रयोगशाळेने सांगितलं, रक्तात इथिलीन ग्लायकॉल आहे. मोटारीच्या रेडिएटरमधलं पाणी गोठू नये म्हणून घालतात ते विषारी द्रव्य. आईने विष दिलं असा संशय आला, बाळ दुसऱ्यांकडे सांभाळायला दिलं. सप्टेंबरात आई त्याला भेटून आल्यावर ते पुन्हा आजारी पडलं आणि दगावलं. आईला अटक झाली. ती तेव्हा पुन्हा गरोदर होती. १९९० च्या फेब्रुवारीत ती कैदेत असतानाच दुसरा मुलगा झाला आणि त्यालाही तिच्यापासून दूर नेलं. थोड्याच दिवसांत त्या बाळालाही तशीच लक्षणं दिसली, आणि निदान झालं: मिथाइलमॅलोनिक अ‍ॅसिडिमिया. प्रथिनांतले काही भाग पचवता न येणारा, जन्मजात आनुवंशिक आजार. आई तर त्याच्या जवळपासही नव्हती! तरीही जानेवारी १९९१ मध्ये तिला खुनासाठी जन्मठेप झाली.

पुढे दूरदर्शनच्या एका कार्यक्रमात ही हकीगत दाखवली गेली, ती सेंट लुई विद्यापीठातल्या विल्यम स्लाय यांनी पाहिली. त्यांचे सहकारी जेम्स शूमेकर यांनी मेलेल्या बाळाचं राखून ठेवलेलं रक्त पुन्हा तपासलं, आणि त्यातही तोच आजार निघाला. येल विद्यापीठाच्या पिएरो रिनाल्दो यांनीही तेच सांगितलं. मग पहिल्या प्रयोगशाळांना विष दिसलं कसं? ह्या आजारात रक्तात प्रोपिऑनिक आम्ल साठतं, आणि ते त्यांच्या यंत्रात जवळजवळ विषाच्याच वेळेला बाहेर पडतं. त्यांनी वेळ पाहिली, आणि चेहरा ओळखला असं समजून नाव लिहिलं. शूमेकर यांनी नंतर हेच आम्ल घातलेलं रक्त मुद्दाम निरनिराळ्या प्रयोगशाळांत पाठवलं, तर त्यांतल्या काहींनी तेही विष म्हणूनच कळवलं. सप्टेंबर १९९१ मध्ये आईवरचे आरोप मागे घेतले गेले. आज हाच आजार नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवरून मास स्पेक्ट्रोमीटरनेच लवकर ओळखता येतो.

ह्यातून मी काय समजले? यंत्र खोटं बोलत नाही, पण ते फक्त विचारलेल्याचंच उत्तर देतं. "कधी आलं?" एवढंच विचारलं तर तेवढंच सांगणार. "वजन किती, तुकडे कोणते?" हे विचारणारं माणूसच लागतं. आणि इतकं सगळं विचारूनही, ते द्रव्य पोटात कसं गेलं, हौसेने, दुखण्याने की डॉक्टरांच्या सुईने, हे रक्त सांगत नाही. ते सांगते ती डॉक्टरांची चिठ्ठी आणि घरातली माणसं.

म्हणून मैत्रिणींनो, आपल्या हातात काय आहे ते पाहू या. घरात तरुण मुलं आहेत, नोकरीच्या तपासण्या आहेत, रस्त्यावरचे अपघात आहेत. वाण्याच्या हिशेबाच्या वहीत शेवटची दोन पानं औषधांसाठी राखून ठेवा: कुणी, केव्हा, कुठलं औषध घेतलं. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या टाकू नका. अपघातात आधी लहान दवाखान्यात आणि मग मोठ्या इस्पितळात नेलं असेल, तर पहिल्या ठिकाणी वेदनेसाठी कुठलं इंजेक्शन दिलं आणि किती वाजता, हे लिहून घ्या. नंतरच्या रक्तात तेच सापडणार आहे. नमुना देताना आपल्यासमोर सीलबंद झाला ना, त्यावर नाव, तारीख, वेळ आहे ना, हे पाहायला संकोच करू नका. आणि "पॉझिटिव्ह" हा शब्द कानावर आला तर पहिला प्रश्न हाच विचारा: ही पट्टीची तपासणी आहे, की पक्की? पक्की झाली नसेल तर ती मागा, आणि तोवर शेजारणीपाशीच काय, जावेपाशीही तोंड उघडू नका.

पण ह्याची दुसरी बाजूही आहे, आणि ती सांगितली नाही तर लिहिणं अर्धवट राहील. पक्क्या तपासणीत हेरॉइन किंवा कोकेनची खूण सापडली, तर "आमचा बाळ तसा नाहीच" म्हणत खसखशीमागे लपू नका. तिथे लाज नको, उपचार हवा. पुण्यात १९८६ साली डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण उभं केलं, तेव्हापासून कितीतरी घरांना तिथे वाट मिळाली आहे. सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची मोफत मदतवाहिनीही आहे. संशय आला म्हणून पोराला तोडायचं नाही आणि खात्री झाली म्हणूनही नाही. पहिल्या वेळी त्याच्या बाजूने प्रश्न विचारायचे, आणि दुसऱ्या वेळी त्याचा हात धरून डॉक्टरांकडे जायचं. दोन्ही कामं आईचीच आहेत, आणि दोन्हींना आधी खरं काय ते कळावं लागतं.